थ्रस्टर चालू असताना उपग्रहाला आपला आदेश ऐकू येईल का? हॉल थ्रस्टर आणि ४३५ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर

त्र्यंबकरोड_क्यूबसॅट

नमस्कार. आम्ही नाशिकमधल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजची तिसऱ्या वर्षाची मुलं-मुली. १२यू आकाराच्या (१० सेंटिमीटरच्या बारा घनांएवढ्या) उपग्रहाचा आराखडा करतोय. अजून सगळं कागदावरच आहे. त्यात झेनॉनवर चालणारा साधारण १०० वॉटचा छोटा हॉल थ्रस्टर (गॅसचे आयन विजेच्या जोरावर मागे फेकून उपग्रह ढकलणारं इंजिन) धरलाय. अपलिंक (जमिनीवरून उपग्रहाकडे) आणि डाउनलिंक (उपग्रहाकडून जमिनीकडे) दोन्ही ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या हौशी उपग्रह पट्ट्यात. शिवाय जीपीएस रिसीव्हर आणि दिशा कळायला मॅग्नेटोमीटर आहे.

मागच्या रिव्ह्यूमध्ये परीक्षक सरांनी एकच प्रश्न विचारला. "थ्रस्टर चालू असताना तो बंद करायचा आदेश उपग्रहाला ऐकू येईल, हे कशावरून?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. टीममध्ये आता दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, नासाचं डॉन यानसुद्धा पृथ्वीशी बोलताना आयन इंजिन बंद करायचं, म्हणजे गोंगाट असणारच, आपणही बंद ठेवू. बाकीचे म्हणतात, विकणाऱ्याने थ्रस्टर ईएमआय (यंत्रातून निघणाऱ्या विद्युत गोंगाटाच्या) चाचणीत पास आहे असं लिहून दिलंय, मग कशाला डोकं लावायचं?

अँटेना सध्या थ्रस्टरच्याच बाजूच्या पॅनेलवर आहे, कारण दुसरीकडे सोलर पॅनेल उघडतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

गच्ची_अँटेना

बाळांनो, परीक्षकांनी अगदी मर्मावर बोट ठेवलंय.

मी गंगापूर रोडला राहतो, गच्चीवर यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) आहे, हौशी उपग्रह ऐकतो. गोंगाट कमी-जास्त झाला की काय होतं ते रोज कानाने कळतं. आमच्या गल्लीत सोलर इन्व्हर्टर आणि स्वस्तातले एलईडी दिवे वाढले तसा क्षीण सिग्नल बुडायला लागला. तीच यागी हातात घेऊन अंजनेरीच्या पायथ्याशी उभं राहिलं की तोच उपग्रह स्वच्छ ऐकू येतो. उपग्रह तोच, अँटेना तीच, बदलतो तो फक्त रिसीव्हरभोवतीचा गोंगाट.

म्हणून आधी ठरवा, त्रास कोणाला होणार आहे. डाउनलिंकचा रिसीव्हर जमिनीवर आहे, थ्रस्टरपासून शेकडो किलोमीटर लांब. थ्रस्टरची खरखर तिथवर पोचत नाही. अपलिंकचा रिसीव्हर मात्र थ्रस्टरच्या मांडीला मांडी लावून बसलाय.

तुमचा सिग्नल तिथे किती ताकदीचा असेल ते काढून देतो. ५० वॉट म्हणजे ४७ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेतली ताकद, दर १० डीबीला दहा पट), १४ डीबीची यागी, एकूण ६१. उपग्रह १००० किलोमीटरवर असताना ४३५ मेगाहर्ट्झला वाटेत १४५ डीबी जातात. राहिले उणे ८४ डीबीएम. उपग्रह ५५० किलोमीटर उंचीवर असेल आणि क्षितिजापासून पाचेक अंशच वर आला असेल, तर अंतर २२०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे उणे ९१. आता समजा उपग्रह गरगर फिरतोय. ध्रुवीकरण जुळत नाही म्हणून ३ डीबी गेले, अँटेनाची आंधळी बाजू आपल्याकडे आली म्हणून आणखी १५ गेले. उणे १०९.

हा शेवटचा आकडा लिहून ठेवा. थ्रस्टर तातडीने बंद करायची वेळ येते ती उपग्रह असा भरकटलेला असतानाच. सगळं सुरळीत चाललं असताना 'थांब' म्हणायची गरज कोणाला पडते?

थ्रस्टर किती गोंगाट करतो हे मापन करणाऱ्या माणसाने सांगावं. सातपूरच्या ताई इथे असतात, त्यांनी लिहावं.

मापनवाली_सातपूर

काकांनी बोलावलं म्हणून सविस्तर लिहिते. ईएमआय मोजणं हेच माझं रोजचं काम आहे, पण जमिनीवरच्या यंत्रांचं: ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र), पॉवर सप्लाय, चार्जर. अवकाशात गेलं म्हणून रिसीव्हर आणि केबल वेगळ्या नियमांनी वागत नाहीत.

आधी डॉनचं. डॉन २००७ साली निघालं आणि त्याने वेस्टा व सेरेसपर्यंतचा प्रवास आयन इंजिनांवर केला. दिवसचे दिवस ढकलत राहायचं, मग थांबून पृथ्वीशी बोलायचं, हे खरं आहे. पण थांबण्याचं कारण दिशा होती. मोठी अँटेना यानाला पक्की जोडलेली, ती पृथ्वीकडे वळवायची तर अख्खं यान वळवावं लागे आणि मग इंजिनाची दिशा चुकली असती. त्यावरून गोंगाटाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. रिव्ह्यूमध्ये हा दाखला देऊ नका.

आता 'चाचणीत पास'. कोणत्या फ्रिक्वेन्सीला, किती अंतरावर, कोणत्या मर्यादेत पास, हे विचारलंत का? लष्करी पद्धतीच्या उत्सर्जन चाचणीत १ मीटरवर अँटेना ठेवून विद्युतक्षेत्र मोजतात. समजा ४३५ मेगाहर्ट्झजवळची मर्यादा ३७ डीबीमायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे, मोजणी १०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात झाली आणि थ्रस्टर जेमतेम त्या रेषेखाली राहिला. कागदावर पास.

हे क्षेत्र तुमच्या अँटेनावर पडलं, अँटेनाचा गेन शून्य डीबी धरला, तर रिसीव्हरला उणे ९३ डीबीएम गोंगाट मिळतो. तुमचा चॅनेल १० किलोहर्ट्झचा धरला तर त्यातला दहावा हिस्सा आत येतो, म्हणजे उणे १०३. आणि चांगल्या रिसीव्हरचा स्वतःचा तळ, म्हणजे त्याचा आतला गोंगाट, त्याच रुंदीत? दर हर्ट्झला उष्णतेचा गोंगाट उणे १७४, त्यात रुंदीचे ४० आणि नॉइज फिगरचे (रिसीव्हरने स्वतः घातलेल्या भरीचे) २ मिळवले की उणे १३२. म्हणजे पास झालेल्या थ्रस्टरने तुमचा तळ २९ डीबीने वर उचलला. काकांचा उणे ८४ चा सिग्नल त्यावरही १९ डीबीने उभा राहील, तुम्हाला वाटेल सगळं छान चाललंय. उणे १०९ चा मात्र त्याच्या खाली ६ डीबी बुडाला. परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आणि हे १ मीटरवरचं. १२यू मध्ये तुमची अँटेना थ्रस्टरपासून वीस-तीस सेंटिमीटरवर असणार, तिथे ते अधिकच असेल.

मग किती हवं? गोंगाट तळाच्या ६ डीबी खाली राहावा असं धरलं तर १ मीटरवर त्याच १०० किलोहर्ट्झच्या रुंदीत साधारण २ डीबीमायक्रोव्होल्ट प्रति मीटर. सर्वसाधारण मर्यादेपेक्षा ३५ डीबी कडक. म्हणूनच उपग्रहाच्या कामात सरसकट एक रेषा धरत नाहीत. ज्या पट्ट्यात आपला रिसीव्हर ऐकतो तिथे मर्यादेला खोल खाच पाडतात आणि ती खाच विकणाऱ्याच्या गळी उतरवतात. तुमच्या कागदावर अशा दोन खाचा हव्यात: एक ४३५ ते ४३८ ला, दुसरी जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झभोवती. जीपीएसचा सिग्नल मुळातच उणे १३० डीबीएमच्या आसपासचा, त्याच्याकडे गमवायला फारसं काही नसतं.

आता हा गोंगाट येतो कुठून. सगळे प्लाझ्माकडे बोट दाखवतात. माझा पहिला संशय केबलवर.

अंबडच्या एका कारखान्यात ड्राइव्ह बसवला की शेजारच्या यंत्राचे सेन्सर वेडेवाकडे वाचायचे. ड्राइव्हचा डबा बंद, फिल्टर लावलेला, सगळं व्यवस्थित. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतच्या केबलला करंट क्लॅम्प लावला तेव्हा कळलं, डब्यातून काहीच बाहेर पडत नव्हतं, केबलच अँटेना झाली होती. शिल्डला शेपटी काढून एका स्क्रूला बांधली होती. ती काढून शिल्ड सगळ्या बाजूंनी ग्लँडमध्ये दाबून बसवली आणि सेन्सर शांत झाले.

तुमच्याकडे ड्राइव्हच्या जागी पीपीयू (थ्रस्टरला वीज पुरवणारा डबा) आहे, मोटरच्या जागी थ्रस्टर. पीपीयू बॅटरीचे २८ व्होल्ट चढवून दोन-तीनशे व्होल्ट करतो, तेही दहा किंवा शेकडो किलोहर्ट्झने स्विचिंग करून. समोरचा भारही शांत नाही. हॉल थ्रस्टरचा डिस्चार्ज करंट स्थिर नसतो. नळीतले झेनॉनचे अणू आयन होऊन निघून जातात, जागा रिकामी होते, पुन्हा भरते, आणि हे चक्र साधारण १० ते ३० किलोहर्ट्झने चालतं. त्याला ब्रीदिंग मोड म्हणतात. कधीकधी करंटची ही चढउतार सरासरी करंटाइतकीच मोठी होते. त्यावर मेगाहर्ट्झपर्यंतची इतर दोलनं बसलेली. हे सगळं पीपीयू आणि थ्रस्टरमधल्या तारांतून वाहतं.

किती कमी करंट पुरतो, तेही बघा. १० सेंटिमीटर तारेवर ४३५ मेगाहर्ट्झचा फक्त १ मायक्रोॲम्पिअर कॉमन-मोड करंट (जाणाऱ्या-येणाऱ्या तारांत एकाच दिशेने वाहणारा) असला तर १ मीटरवर सुमारे २७ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर क्षेत्र मिळतं, म्हणजे २९ डीबी. तुम्हाला हवेत २. म्हणजे मायक्रोॲम्पिअरचा विसावा भागसुद्धा जास्तच. म्हणून पीपीयू थ्रस्टरच्या पाठीला पाठ लावून ठेवा, तार जमेल तितकी आखूड, जाणारी-येणारी पिळलेली, शिल्ड दोन्ही टोकांना सर्व बाजूंनी जोडलेली, आणि फिल्टर पीपीयूच्या भिंतीतच. हार्नेसचं (तारांच्या जुडग्यांचं) काम 'नंतर बघू' म्हणून ठेवलंत तर नंतर जागाच उरणार नाही.

त्र्यंबकरोड_क्यूबसॅट

ताई, काका, खूप आभार. उणे ८४ आणि उणे १०९ चं गणित फळ्यावर मांडलं तेव्हा टीममधला वाद तिथेच संपला.

दोन शंका. प्लाझ्मा स्वतः काही करत नाही का? आणि आमच्याकडे व्हॅक्यूम चेंबर नाही, थ्रस्टर पेटवून बघता येणार नाही. मग काय तपासायचं? मॅग्नेटोमीटरचंही कोणी सांगाल का? तो सध्या थ्रस्टरपासून २० सेंटिमीटरवर आहे.

निर्वात_बेंगळुरू

मूळ पंचवटीचा, आता बेंगळुरूला निर्वात पंपांच्या कामात. प्लाझ्माबद्दल सांगतो.

प्लाझ्मा दोन प्रकारे त्रास देतो. पहिला, तो स्वतः रेडिओ गोंगाट करतो. हॉल थ्रस्टरचा गोंगाट काही गिगाहर्ट्झपर्यंत मोजला गेला आहे. पुष्कळदा तो सलग नसतो, ब्रीदिंग मोडच्या तालावर झटक्यांनी येतो. तुमचा अपलिंक ९६०० बॉडचा धरला तर एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. २५ किलोहर्ट्झचे झटके दर ४० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे एकही बिट सुटत नाही. त्यामुळे सरासरी पातळी कमी दिसली म्हणून निर्धास्त राहू नका, शिखरही मोजायला सांगा.

दुसरा त्रास म्हणजे प्लाझ्मा रेडिओ लहरींच्या वाटेत उभा राहतो. प्रत्येक इलेक्ट्रॉन घनतेला एक कटऑफ फ्रिक्वेन्सी असते, तिच्याखालच्या लहरी आरपार जात नाहीत. ४३५ मेगाहर्ट्झसाठी ही घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.३५ अब्ज इलेक्ट्रॉन. थ्रस्टरच्या तोंडाशी घनता याच्या कितीतरी पट असते, लांब जाता जाता झपाट्याने उतरते. एक्स-बँडला हा अडथळा फार कमी जाणवतो, कारण ८.४ गिगाहर्ट्झला लागणारी घनता जवळपास पावणेचारशे पट. तुमच्या पट्ट्यात मात्र तोंडासमोरचा झोत भिंतच समजा, आणि कडेच्या विरळ भागातून जाणाऱ्या लहरीचा फेज डोलत राहतो. अँटेना थ्रस्टरच्या पॅनेलवर नको. विरुद्ध बाजूला न्या, सोलर पॅनेलची घडी बदलावी लागली तरी बदला.

चाचणीची अडचण फक्त तुमची नाही, मोठ्या प्रयोगशाळांनाही ती आहे. थ्रस्टर पेटवायला निर्वात टाकी लागते, टाकी लोखंडाची किंवा स्टीलची, आणि धातूच्या भिंतींवरून लहरी परतत राहतात. आत अँटेना ठेवून घेतलेलं माप थ्रस्टरचं कमी आणि टाकीचं जास्त असतं. म्हणून काही ठिकाणी थ्रस्टर फायबरग्लासच्या भागात पेटवतात. त्यातून रेडिओ लहरी बाहेर येतात, आणि बाहेर लहरी शोषणाऱ्या खोलीत अँटेना ठेवतात. विकणाऱ्याला हेच विचारा: तुमचं माप कोणत्या टाकीत घेतलं?

आपल्याकडे २०१७ साली जीसॅट-९ वर विद्युत प्रणोदन उडालं. मार्च २०२५ मध्ये इस्रोने ३०० मिलिन्यूटनच्या प्लाझ्मा थ्रस्टरची १००० तासांची चाचणी ५.४ किलोवॉटवर पूर्ण केली. हे काम आता आपल्या देशात वाढत जाणार. तुमच्यासारख्या मुलांनी कागदावरच हे प्रश्न विचारलेले पाहून फार बरं वाटलं.

मापनवाली_सातपूर

पंचवटीकरांनी प्लाझ्माचं छान सांगितलं. अँटेना हलवण्याबद्दल माझंही तेच मत.

चेंबर नसला तरी पुष्कळ काही तपासता येतं. पीपीयूसमोर थ्रस्टर नको, भार हवा: एक रेझिस्टर आणि त्याला समांतर २० किलोहर्ट्झच्या आसपास करंट वरखाली करणारा इलेक्ट्रॉनिक लोड. म्हणजे ब्रीदिंग मोडची नक्कल झाली. साधा रेझिस्टर लावून चाचणी करू नका, पीपीयूचा फिल्टर शांत भारासमोर नेहमीच चांगला दिसतो. मग हार्नेसवर करंट क्लॅम्प फिरवा, प्रत्येक तारेच्या जुडग्यावर, आणि ४३५ व १५७५ भोवती काय दिसतं ते नोंदवा. दोन-तीनशे व्होल्ट आहेत, हात लावण्याआधी कपॅसिटर डिस्चार्ज झालेत याची खात्री करा, आणि एकट्याने हे काम करू नका.

दुसरी चाचणी माझ्या मते सगळ्यात मोलाची, आणि तिला महागडं उपकरण लागत नाही. तुम्हाला हवी असलेली २ डीबीची पातळी साध्या अँटेना आणि प्रीअँपने मोजायला गेलात तर उपकरणाचा स्वतःचा तळच त्याच्या आसपास येतो. म्हणून उपग्रहाचा रिसीव्हर हेच मापनयंत्र करा. सिग्नल जनरेटरमधून ॲटेन्युएटर लावून आदेश पाठवत राहा, सिग्नल कमी करत न्या, आणि आदेश चुकायला लागतात ती पातळी लिहा. मग पीपीयू चालू करून तेच पुन्हा. दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे तुमचा डीसेन्स, गोंगाटाने रिसीव्हर किती बहिरा झाला ते. रिसीव्हर, अँटेना, पीपीयू, हार्नेस खऱ्या जागी बसवलेले हवेत. टेबलावर पसरून केलेल्या चाचणीचा उपयोग नाही. काकांच्या गल्लीत करू नका, शिल्ड केलेली खोली शोधा. त्या फरकात प्लाझ्माचा वाटा नसेल, तो विकणाऱ्याच्या मापातून वेगळा धरावा लागेल, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहा.

आता मॅग्नेटोमीटर. इथे रेडिओचा संबंधच नाही, सरळ चुंबक आहे. हॉल थ्रस्टर चालतो तोच चुंबकीय क्षेत्रावर. काही छोट्या थ्रस्टरमध्ये कायमचे चुंबक असतात, काहींमध्ये कॉइल. समजा बाहेर जाणवणारं चुंबकीय आघूर्ण १ अँपिअर-चौरस मीटर आहे. अक्षावर २० सेंटिमीटरवर त्याचं क्षेत्र २५,००० नॅनोटेस्ला येतं. तुमच्या कक्षेत पृथ्वीचं क्षेत्रच साधारण २५ ते ५० हजार नॅनोटेस्ला. म्हणजे मॅग्नेटोमीटर पृथ्वीइतकंच थ्रस्टरलाही वाचणार. क्षेत्र अंतराच्या घनाने उतरतं, त्यामुळे तोच ३० सेंटिमीटरवर नेला तर सुमारे ७,४००. जमेल तितका लांब, थ्रस्टरच्या विरुद्ध टोकाला न्या.

कॉइल असतील तर थ्रस्टर चालू होताच वाचन एकदम उडी मारेल, आणि सॉफ्टवेअरला ती उडी माहीत नसेल तर ते उपग्रह फिरवायला लागेल. काकांनी सांगितलेली भरकटण्याची अवस्था अशीच तयार होते. कॉइलचा करंट मोजून तेवढा भाग वाचनातून वजा करा, त्यासाठी जमिनीवरच मोजमाप करून तक्ता बनवा. कायमचे चुंबक असतील तर उडी नाही, पण उपग्रह कायमचा होकायंत्रासारखा वळू पाहील. वर धरलेल्या आघूर्णाला ३०,००० नॅनोटेस्लामध्ये ०.००००३ न्यूटन-मीटर बलाघूर्ण मिळतं. तुमच्या मॅग्नेटॉर्करची (उपग्रह वळवणाऱ्या चुंबकीय कॉइलची) ताकद ०.२ अँपिअर-चौरस मीटरच्या आसपास असेल तर तो हरणार. विकणाऱ्याकडून आघूर्णाचा आकडा लेखी घ्या.

शेवटी परीक्षकांना काय सांगायचं. आदेश पोचण्यावर सगळी सुरक्षितता टांगू नका. प्रत्येक थ्रस्टला उपग्रहातच कमाल वेळेचा टायमर असू दे, आणि दिशेची चूक ठरावीक अंशांपलीकडे गेली की थ्रस्टर आपोआप बंद. टायमर संपण्याची वेळ नाशिकवरून जाणाऱ्या फेरीच्या आधीची ठेवा, म्हणजे फेरीची दहाएक मिनिटं उपग्रह शांतपणे ऐकेल. त्यात गमावता किती? ५ मिलिन्यूटन आणि २० किलो धरले तर दहा मिनिटांत फक्त ०.१५ मीटर प्रति सेकंद वेग. मात्र दर काही मिनिटांनी बंद-चालू करू नका. हीटरवाला कॅथोड (थ्रस्टरला इलेक्ट्रॉन पुरवणारा भाग) पुन्हा तापायला वेळ घेतो आणि चालू-बंदच्या प्रत्येक चक्राने त्याचं आयुष्य घटतं.

डीसेन्सचे आकडे आले की इथे टाका. ग्राफ असेल तर आडव्या अक्षावर फ्रिक्वेन्सी आणि मोजणीची रुंदी दोन्ही लिहायला विसरू नका, रुंदीशिवाय गोंगाटाचा आकडा मला वाचता येत नाही.

गच्ची_अँटेना

शिल्ड खोली मिळेपर्यंत ॲटेन्युएटर आणि सिग्नल जनरेटर माझ्याकडून न्या. रविवारी सकाळी या, येताना रिसीव्हरची बोर्ड घेऊन या, पीपीयू बंद असतानाची पातळी तरी त्याच दिवशी काढून टाकू.